थ्रासोसची चार वाक्यं

स्वरयंत्र काढून टाकलं म्हणून माणसाचा राग जातो थोडाच? थ्रासोसचा तर दुपटीने वाढला. आधी निदान ओरडून मोकळा व्हायचा. जन्मभर त्याने गावाची बस चालवली, घाटाखालच्या शहरापर्यंत आणि परत वर. बसमध्ये कुणी दारात घुटमळलं, कुणी शेजारच्या सीटवर बटाट्याचं पोतं ठेवलं, की असा आवाज फुटायचा की समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या चरायच्या थांबत. आणि आता? गळ्याला भोक, भोकावर बायकोने विणलेला रुमाल, आणि सगळा संताप आत कोंडलेला.

इस्पितळाने दाढीच्या मशीनसारखी गुणगुणणारी एक नळी दिली होती. गळ्याला लावायची आणि ओठ हलवायचे. पहिल्याच दिवशी कॉफीच्या दुकानात त्याने ती लावून सगळ्यांना "कालिमेरा", म्हणजे शुभ सकाळ, म्हटलं, तर मिनास काय म्हणाला? "अरे, दाढी घरी करून येत जा की!" सगळं दुकान खिदळलं. हा मिनास म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त बरं का. असे दोस्त असल्यावर दुष्मनाची गरज काय! थ्रासोसने ती नळी घरी जाताना ओढ्यात भिरकावली.

मग त्याची मुलगी एवांथिया धावून आली. ती अथेन्सला एका कंपनीत मोबाइलची ॲप बनवते. तिने रजा टाकून बापासाठी एक ॲप बनवलं. एक टॅब्लेट, त्याला जोडलेला छोटा कीबोर्ड. थ्रासोसने टाइप करायचं, एंटर दाबायचं, की टॅब्लेट मोठ्याने बोलणार. आवाज त्याने स्वतः निवडला, बातम्या देणाऱ्या माणसासारखा भारदस्त. पहिले काही दिवस स्वारी खूश होती.

पण कॉफीच्या दुकानात कोण कुणासाठी थांबतं? मिनासने फासा टाकताना बोटाने हळूच फिरवला, हे थ्रासोसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत त्याने ते लिहून काढलं. तोवर डाव उठला, कॉफी संपली, गाडी फुटबॉलवर गेली, तिथून मिनासच्या मुतखड्यावर आली. मिनास कळवळून सांगतोय की रात्रभर कसा तळमळलो, आणि टॅब्लेट भारदस्त आवाजात म्हणतो, "तू लबाडी केलीस, मी पाहिलं." हसून हसून माणसं खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली.

त्या दिवशी कीबोर्ड घरच्या भिंतीवर आपटला. स्तामातिया, म्हणजे त्याची बायको, फ्रिजखालून बटणं गोळा करत म्हणाली, "आपट, आपट! आता तो टॅब्लेटही आपट, आणि मग मलाही आपट!"

एवांथिया नवा कीबोर्ड घेऊन आली. "बाबा, मी शॉर्टकट घालून देते. कंट्रोल दाबून ठेवायचं आणि एक अक्षर दाबायचं, की अख्खं वाक्य लगेच बोललं जाईल. कुणी तुझ्यासाठी थांबायची गरज नाही." तिने वाक्यं घालूनच आणली होती: "धन्यवाद", "पाणी हवंय", "मला दुखतंय", "औषधाची वेळ झाली".

थ्रासोसने ती वाचली आणि टाइप केलं, "मी अजून मेलेलो नाही. पूस ही."

"बरं बाई, पुसते. तुला कुठली हवीत?"

त्याला विचार करावा लागला नाही. चारच हवी होती. "खोटं!" "कोण म्हणतो?" "खाली बस!" आणि "थांबा, माझं संपलेलं नाही."

"देवा रे," स्तामातिया म्हणाली, "ही चार तर तू लग्नापासून बोलतोयस."

दुकानात ती चार वाक्यं चालली, म्हणजे अशी चालली की विचारू नका. कुणी थापा मारायला लागलं की "खोटं!" हाणायचा. लोकांना भारी मजा. मिनास तर मुद्दाम त्याला डिवचायचा, चल, वाजव की एकदा! आणि थ्रासोसच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बोलणं म्हणजे काय बसचा भोंगा आहे? त्याला सांगायचं असायचं काहीतरी, दोन वाक्यांचं, चार वाक्यांचं. पहिलं वाक्य अर्ध्यावर असताना लोक मान वळवायचे.

अशात झऱ्याचं प्रकरण निघालं. गावच्या चौकात चिनाराखालून झरा निघतो, त्यावर गावची घरं, परसं, गुरं, सगळं काही. बाटलीबंद पाणी विकणारी एक कंपनी आली आणि म्हणाली, झरा आम्हाला भाड्याने द्या. गावाचा अध्यक्ष प्रोद्रोमोस हरखून गेला. रस्ता होणार, दिवे येणार, पोरांना नोकऱ्या लागणार! कुठल्या पोरांना, ते त्यालाच ठाऊक, गावात शाळा बंद पडली ती पोरं नाहीत म्हणूनच. रविवारी चर्च सुटल्यावर त्याच बंद शाळेत गावसभा, आणि हात वर करून निकाल.

थ्रासोसने ठरवलं, ह्या सभेत आपण बोलायचं. चार वाक्यं नव्हे. अख्खं भाषण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि कुणाच्या बापाला मध्ये तोंड घालू द्यायचं नाही. आधीच लिहून ठेवायचं, तिथे जाऊन नुसतं एंटर दाबायचं. मग बघू कोण मान वळवतो! तो दिवसच्या दिवस खिडकीशी बसून लिहीत राहिला. टॅब्लेट मांडीवर, वायर भिंतीला. खोडायचा, पुन्हा लिहायचा, रागाने बटणं अशी दाबायचा की मांजर पलंगाखाली जायची.

"काय लिहितोयस एवढं? मला तरी दाखव," स्तामातिया म्हणायची.

तो पडदा स्वतःकडे वळवून घ्यायचा. सभेत ऐक, असं हाताने खुणावायचा.

आता स्तामातियाची एक सवय सांगायला हवी. उघडं राहिलेलं काही तिला बघवत नाही. दार असो, बरणी असो, नाहीतर फोनमधलं ॲप. शहरातल्या फोनवाल्याने तिला कधीतरी अक्कल शिकवली होती की, मावशी, ॲप उघडी राहिली की बॅटरी पितात. तेव्हापासून फोन हातात आला रे आला, की बोटाने सरासरा सगळी ॲप वर ढकलून फेकून देणार, जेवणानंतर टेबलावरचे पावाचे कण झटकावेत तशी. तिच्या मैत्रिणीही हेच करतात. सगळं गावच करतं. थ्रासोसच्या टॅब्लेटला मात्र तिने हात लावला नव्हता, कारण तो सोडेल तर ना!

रविवारी तो दाढी करायला गेला. हिने टॅब्लेट घेतला, व्हिनेगरच्या फडक्याने काच लखलखीत पुसली, उघडं होतं ते सगळं सरासरा वर ढकललं, स्वतः विणलेल्या जाळीच्या रुमालात गुंडाळला आणि पिशवीत घातला. सभेला नवरा बोलणार म्हणून तिला अभिमानच वाटत होता. चांगलं आवरून दिलं, असं तिला वाटलं.

शाळेत बाकं पोरांची. त्यांच्यात म्हातारी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ज्यांना बाकं पुरली नाहीत ती भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्याकडे सभेची रीत अशी की बोलणाऱ्याने मास्तरांच्या टेबलापाशी जायचं, आणि तो तिथून हटेपर्यंत पाळी त्याची. प्रोद्रोमोस कोट घालून फळ्याशी खुर्ची टाकून बसला होता. एवांथिया खास अथेन्सहून आली होती, आईशेजारी पहिल्या बाकावर.

"थ्रासोस बोलणार आहे म्हणे," प्रोद्रोमोस म्हणाला. "म्हणजे, वाजवणार आहे." आणि स्वतःच हसला.

थ्रासोस टेबलापाशी गेला. रुमाल सोडला, टॅब्लेट उभा केला, कीबोर्ड समोर ठेवला. ॲप उघडलं. पडदा कोरा होता.

त्याने बंद केलं, परत उघडलं. कोरा. वर गेला, खाली गेला. एक अक्षर नाही! इतक्या दिवसांची खाडाखोड, ते प्रत्येक वाक्य, जे तो झोपेतही घोकत होता, सगळं गेलं. आणि घोकलेलंही त्या क्षणी डोक्यातून असं गेलं की पहिला शब्द आठवेना. कानशिलं तापली.

एवांथिया उठून त्याच्याजवळ धावली. पडद्यावर नजर टाकली आणि तिचा चेहरा उतरला. "आई," ती वळून म्हणाली, "तू हे बंद केलंस?"

"केलं की! सगळं नीट बंद करून दिलंय. बॅटरी राहावी म्हणून!"

आता खापर कुणावर फोडायचं? आईवर? मुलीला क्षणात कळलं की चूक आईची नव्हती. अथेन्सला तिच्या टेबलावर खरा टॅब्लेट नव्हताच, कॉम्प्युटरच्या आत चालणारा खोटा टॅब्लेट होता. त्यात ॲप बंद केलं की कॉम्प्युटर त्याला सभ्यपणे सांगतो, बाबा रे, तुला बंद करतोय, तुझं सामान आवर. मग ते ॲप लिहिलेलं सगळं साठवायचं आणि मगच मिटायचं. तिने भरवसा ठेवला तो त्या सांगण्यावर. खऱ्या टॅब्लेटवर असं कुणी कुणाला सांगत बसत नाही. बोटाने वर ढकललं की बकोटीला धरून बाहेर, हातातलं तिथेच टाकून! शॉर्टकट वेगळे ठेवलेले होते, म्हणून तेवढे वाचले. शिकलेली पोरगी, पण खऱ्या टॅब्लेटवर एकदा, एकदा तरी बंद करून बघायला काय झालं होतं?

"बाबा, माझी चूक आहे, मी प्रत्येक अक्षराला साठवायला हवं होतं, मी आत्ता—"

थ्रासोसने कंट्रोल दाबलं. भारदस्त आवाज शाळाभर घुमला.

"खाली बस!"

सगळे हसले. एवांथिया लाल होऊन बाकावर जाऊन बसली.

"मग?" प्रोद्रोमोसने विचारलं. "बोलतोयस, की यंत्र संपावर गेलंय? नसेल बोलायचं तर मत घेऊन टाकू. जेवायची वेळ झाली."

"थांबा, माझं संपलेलं नाही."

"अरे, सुरू कुठे केलंयस!" मागून मिनास ओरडला आणि पुन्हा हशा.

थ्रासोस टाइप करायला लागला. "गावकऱ्यांनो" एवढा शब्द लिहिताना त्याने तीनदा चुकीचं बटण दाबलं. लोक कुजबुजायला लागले, कुणीतरी चण्यांची पुडी सोडली. प्रोद्रोमोस कोटाची बटणं लावत उठला. "मंडळी, वेळ वाया जातोय. सगळ्यांना माहीतच आहे, पाणी भरपूर आहे, कंपनी फक्त उरलेलं नेणार."

"कोण म्हणतो?" टॅब्लेट म्हणाला.

"सगळे म्हणतात!"

"कोण म्हणतो?"

"इंजिनिअर म्हणतो! तपासून गेलाय तो."

"कोण म्हणतो?"

"अरे इंजिनिअर, बाबा, इंजिनिअर! ऑगस्टात येऊन पाणी मोजून गेला, सगळं रीतसर!"

"खोटं!"

हे थ्रासोसने काही माहिती असून दाबलं नव्हतं, नुसत्या संतापाने दाबलं होतं. पण मागच्या भिंतीशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "ऑगस्टात? ऑगस्टभर मी गालिचे धुवायला झऱ्यावरच असते. माझ्या बहिणीही असतात. कुणी काळं कुत्रं आलं नव्हतं."

"मग सप्टेंबर असेल," प्रोद्रोमोस म्हणाला.

"खोटं!"

"अरे, महिना कुठलाही असो! फेब्रुवारीत आला असेल, काय फरक पडतो?"

आता कुणी हसलं नाही. फेब्रुवारीत डोंगरावरचा बर्फ वितळतो, तेव्हा इथल्या गटारालाही पूर येतो. चणे खाणारं तोंड चावायचं थांबलं.

"कोण म्हणतो?" टॅब्लेटने त्याच आवाजात, त्याच शांतपणे विचारलं.

आणि प्रोद्रोमोसचा तोल गेला. त्या आवाजाशी भांडणार तरी कसं? तो चढत नाही, दमत नाही, एकदा विचारलेलं पुन्हा तस्संच विचारतो. "कंपनीचा!" प्रोद्रोमोस किंचाळला. "कंपनीचा इंजिनिअर! मग काय मी माझ्या परसात पिकवू इंजिनिअर?"

मग जो गदारोळ उठला! एक म्हणतोय, आम्हाला सांगितलं होतं इंजिनिअर सरकारी आहे. दुसरा म्हणतोय, लाज वाटते का रे तुला, तुझ्या आजीनेही याच झऱ्याचं पाणी भरलं. पोरांच्या बाकांतून माणसं धडपडत उठली, एक बाक मोडलंच. प्रोद्रोमोस "मतदान! मतदान!" म्हणून टेबल बडवायला लागला.

"खाली बस!"

तो बसला. खरंच बसला. आणि कुणीतरी ओरडलं, झरा द्यायचा नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा. हात इतके वर गेले की मोजायची वेळच आली नाही. मिनास तर दोन्ही हात वर करून उभा होता. प्रोद्रोमोसने कागद गोळा केले आणि मागच्या दाराने निघून गेला. बाकीचे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बाहेर चौकात पळाले. कुणी त्सिपुरो दारूच्या बाटल्या आणायला ओरडलं, ग्लास खणखणायला लागले.

थ्रासोस टेबलापाशी तसाच उभा होता. पडद्यावर लिहिलेलं होतं, "गावकऱ्यांनो, मी". त्याच्या पुढे काही नव्हतं.

एवांथिया हळूच जवळ आली. "बाबा, जिंकलास तू. चार वाक्यांत जिंकलास! ॲप मी आज संध्याकाळी नीट करते. माझ्या टेबलावर ते चालत होतं, खरंच."

"खोटं!"

"खोटं नाही रे, चालत होतं... पण खऱ्यावर बघितलं नाही मी. गाढव आहे मी, झालं?"

स्तामातियाने पिशवी छातीशी धरली होती. ती रडकुंडीला आली होती आणि रागातही होती. "मला काय ठाऊक, झाकण लावलं की आतलं नाहीसं होतं! असली कसली बरणी बनवलीस गं तू?"

बाहेरून मिनास आला, हातात दोन ग्लास. "चल की रे, शूरवीरा! सगळे थांबलेत तुझ्यासाठी. प्रोद्रोमोसला कसं बसवलंस ते परत एकदा वाजवून दाखव, जे बाहेर होते त्यांना ऐकायचंय."

थ्रासोसने त्याच्याकडे पाहिलं. झरा वाचला होता, हे त्याला कळत होतं. गाव त्याला डोक्यावर घ्यायला निघालं होतं, हेही कळत होतं. पण एवढ्या गावात एकानेही विचारलं नव्हतं, की बाबा, तू लिहिलं काय होतंस? त्याची पोरगी ॲपचं बोलत होती. त्याची बायको बरणीचं बोलत होती. आणि ह्या गाढवाला भोंगा ऐकायचा होता! गळ्यावरचा रुमाल त्याच्या श्वासाने फडफडायला लागला.

त्याने टॅब्लेट एका हातात, कीबोर्ड काखेत घेतला आणि मिनासला खांद्याने बाजूला सारून बाहेर गेला. शाळेच्या पायऱ्यांवर उभा राहिला. खाली चौकात अख्खं गाव जमलेलं. त्याला पाहून टाळ्या पडल्या.

"थांबा, माझं संपलेलं नाही."

हशा पिकला, शिट्ट्या वाजल्या. "वाहवा!" कुणी म्हणालं. "आणखी एकदा!"

"थांबा, माझं संपलेलं नाही."

पुन्हा टाळ्या.

"थांबा, माझं संपलेलं नाही."

ह्या वेळी थोडेच हसले. गालिचेवाली बाई हसली नाही. तिने ग्लास खाली ठेवला.

"थांबा, माझं संपलेलं नाही." आणि लगेच पुन्हा. आणि पुन्हा. बटणावरचं त्याचं बोट पांढरं पडलं होतं आणि चेहरा असा झाला होता की पुढे उभे होते ते दोन पावलं मागे सरले. मिनासच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण त्याला ते आता कुठे ठेवावं कळत नव्हतं. हळूहळू चौक गप्प झाला. झऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

मग थ्रासोस पायरीवर बसला, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि टाइप करायला लागला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. खट. खट. बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा खट. लोक उभेच होते. एकाने खोकला दाबला.

शेवटी त्याने एंटर दाबलं.

"पाण्याचं नंतर बोलेन," भारदस्त आवाज म्हणाला. "आधी हे. मी मुका झाल्यापासून ह्या गावात कुणी मला एक वाक्य पुरं करू दिलेलं नाही. माझ्या घरातही नाही. तुम्हाला मी करमणुकीला लागतो. माझ्या डोक्यात काय चाललंय, ते तुम्हाला नकोय."

कुणी हललं नाही. एवांथियाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थ्रासोसने मान वर केली नाही. त्याने पुढचं लिहायला घेतलं होतं.

ती शांतता मिनासला सोसवेना. "अरे थ्रासोस, असं काय म्हणतोस, आम्ही तर तुला रोज—"

"तोंड मीट, मिनास!" स्तामातिया पायऱ्यांवरून अशी कडाडली की चिनारावरची पाखरं उडाली. "दिसत नाही का? लिहितोय तो!"

मिनासने तोंड मिटलं. थ्रासोस पुढचं अक्षर शोधत होता.